मध्यक कसा काढावा: आधी जागा, मग किंमत

कोथरूडमध्ये वन बीएचके फ्लॅटचे भाडे साधारण किती पडते, असे कोणी विचारले की आपण आठ-दहा जाहिराती बघतो, भाड्यांची बेरीज करतो आणि जाहिरातींच्या संख्येने भागतो. त्यात एखादा फ्लॅट नव्या टॉवरमधला, फर्निचरसकट असला की उत्तर फुगते. मग घर शोधणाऱ्याला वाटते, आपल्या खिशाला हा भाग परवडणार नाही. प्रत्यक्षात त्या उत्तराच्या आत बसणारी घरे भरपूर असतात. अशा प्रश्नाला सरासरीपेक्षा मध्यक चांगले उत्तर देतो. आकडे चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधोमध जी किंमत येते, ती मध्यक.

व्याख्या एका ओळीची आहे, तरी चुका खूप होतात. कारण मध्यक काढताना दोन वेगळी कामे करायची असतात. आधी मधली जागा कितवी ते शोधायचे, आणि मग त्या जागेवर कोणती किंमत बसली आहे ते वाचायचे. वहीतल्या आणि एक्सेल शीटमधल्या बऱ्याच चुका या दोन कामांची गल्लत झाल्याने होतात. पुढचे सगळे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, ते बाजारभाव म्हणून वापरू नयेत.

सुटे आकडे असतील तर

नऊ फ्लॅटची मासिक भाडी हजार रुपयांत अशी आहेत:

२१, १८, ४३, २०, १७, २३, १६, १८, २२

पहिली पायरी, चढता क्रम लावा:

१६, १७, १८, १८, २०, २१, २२, २३, ४३

१८ दोनदा आले आहे, तर ते दोनदाच लिहायचे. ही दोन वेगळी घरे आहेत. दोन्ही मोजायलाच हवीत. एक १८ गाळला तर आकडे आठ उरतात आणि मध्यक २० ऐवजी २०.५ येतो. क्रम लावून झाला की आकडे पुन्हा मोजा. मूळ यादीत नऊ होते, इथेही नऊच हवेत. हाताने उतरवताना एखादा आकडा सुटणे ही नेहमी होणारी चूक आहे, आणि ती पकडायला ही मोजणी पुरते.

दुसरी पायरी, जागा काढा. आकड्यांची संख्या विषम असेल तर संख्येत १ मिळवून २ ने भागा: (९ + १) ÷ २ = ५. मध्यक ५ नाही. मध्यक पाचव्या जागेवर आहे, एवढेच हे ५ सांगते.

तिसरी पायरी, पाचव्या जागेवरची किंमत वाचा: २०. मध्यक भाडे २० हजार रुपये.

क्रम न लावता मूळ यादीतला पाचवा आकडा उचलला असता तर १७ मिळाले असते. त्या १७ ला काही अर्थ नाही. जाहिराती ज्या क्रमाने दिसल्या त्या क्रमातला तो पाचवा आकडा, इतकेच. चढता क्रम लावा किंवा उतरता, उत्तर तेच येते. क्रमच न लावणे मात्र चालत नाही.

संख्या सम असेल तर मधोमध एक आकडा नसतो, दोन असतात. वरच्या यादीत २४ हजारांचा दहावा फ्लॅट आला असे धरा:

१६, १७, १८, १८, २०, २१, २२, २३, २४, ४३

(१० + १) ÷ २ = ५.५. म्हणजे पाचव्या आणि सहाव्या जागेच्या मध्ये. पाचवी किंमत २०, सहावी २१, दोघांची सरासरी २०.५, म्हणजे २०,५०० रुपये. हे भाडे यादीत एकाही घराचे नाही आणि त्यात वावगे काही नाही. इथे एक चूक नेहमी दिसते. ५.५ चे ६ करून सहावा आकडा उत्तर म्हणून लिहिला जातो. जागा पूर्णांकात बदलायची नाही, तिच्या दोन्ही बाजूंचे आकडे घ्यायचे.

ताळा सोपा आहे. मध्यकापेक्षा लहान आकडे किती आणि मोठे किती ते मोजा. दोन्हींपैकी एकही संख्या एकूण आकड्यांच्या निम्म्यापेक्षा जास्त असता कामा नये. नऊ फ्लॅटच्या यादीत २० पेक्षा कमी भाड्याचे चार आणि जास्त भाड्याचे चार. बरोबर. एकच किंमत पुष्कळदा आली असेल तर दोन्ही बाजू सारख्या भरतीलच असे नाही, पण निम्म्याची मर्यादा कधी ओलांडली जात नाही. ओलांडली तर उत्तर चुकले आहे.

सरासरीपेक्षा वेगळे काय घडते

त्याच नऊ भाड्यांची बेरीज १९८, सरासरी २२. आता टॉवरमधल्या फ्लॅटचे भाडे ४३ ऐवजी ८८ हजार करा. बेरीज २४३, सरासरी २७. नवातली आठ घरे आता सरासरीच्या खाली आहेत. मध्यक मात्र २० वरच आहे. शेवटच्या माणसाने आणखी लांब उडी मारली तरी रांगेतली पाचवी जागा कोणाची ते बदलत नाही.

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १९०७ मध्ये याच गुणासाठी मध्यक निवडला. इंग्लंडमधल्या प्लिमथ इथल्या पशुप्रदर्शनात बैल कापून साफ केल्यावर त्याचे वजन किती भरेल, यावर लोकांनी अंदाज लावले होते. गॉल्टन यांना ७८७ वाचता येण्याजोग्या चिठ्ठ्या मिळाल्या. संख्या विषम, म्हणून जागा (७८७ + १) ÷ २ = ३९४ वी. तिथला अंदाज होता १,२०७ पौंड, आणि प्रत्यक्ष वजन भरले १,१९८ पौंड. त्यांचा आग्रह असा होता, की प्रत्येक चिठ्ठीला एकच मत असावे. सरासरी घेतली तर जो जितका अवाच्या सवा आकडा लिहील तितका त्याचा जोर वाढतो.

मध्यकाचा आणखी एक गुण आहे. तो शाळेत फारसा सांगत नाहीत, पण मध्यक समजायला त्याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. सिंहगड रस्त्यावर पाच मित्र राहतात. स्वारगेटपासून त्यांची अंतरे १, २, ३, ५ आणि १४ किलोमीटर आहेत असे धरा. याच रस्त्यावर कुठे भेटले तर सगळ्यांचे मिळून अंतर कमीत कमी होईल? सरासरी ५ किलोमीटर. तिथे भेटले तर ४ + ३ + २ + ० + ९ = १८ किलोमीटर. मध्यक ३ किलोमीटर. तिथे भेटले तर २ + १ + ० + २ + ११ = १६ किलोमीटर. रस्त्यावरचे दुसरे कोणतेही ठिकाण घेऊन बघा, १६ पेक्षा कमी येणार नाही. कारण उघड आहे. तिसऱ्या मित्राच्या दारापासून पुढे सरकलात तर तिघे लांब पडतात आणि दोघेच जवळ येतात. मागे सरकलात तरी तेच. मित्र सहा असते तर तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये कुठेही भेटा, एकूण अंतर तेवढेच राहते. सम संख्येत दोन मधल्या आकड्यांची सरासरी घेतो तो केवळ संकेत आहे. त्या दोघांमधला कोणताही बिंदू मधलाच असतो.

मार्केट यार्डाच्या भावपत्रकातला ‘सर्वसाधारण दर’ म्हणजे मध्यक, असा समज काहींचा असतो. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर दिलेले असतात. त्यातला सर्वसाधारण दर बहुलकाच्या जातीचा आहे, म्हणजे बहुतेक माल ज्या भावाने गेला तो भाव. किमान आणि कमाल दरांची सरासरी काढूनही मध्यक मिळत नाही. त्यासाठी सगळे सौदे हातात लागतात.

वारंवारता सारणी असेल तर

वारज्यातल्या ६० फ्लॅटच्या एका सोसायटीत प्रत्येक घरी किती माणसे राहतात, याची सारणी:

| घरातील माणसे | घरे (वारंवारता) | संचित वारंवारता |
|---|---|---|
| १ | ५ | ५ |
| २ | ११ | १६ |
| ३ | १४ | ३० |
| ४ | १७ | ४७ |
| ५ | ८ | ५५ |
| ६ | ३ | ५८ |
| ७ | २ | ६० |

संचित वारंवारता म्हणजे त्या ओळीपर्यंतची एकूण घरे. शेवटच्या ओळीत एकूण संख्या आलीच पाहिजे. नाही आली तर बेरीज तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घरे ६०, म्हणून मधल्या जागा ३० आणि ३१. संचित स्तंभ वरून खाली वाचत या. ३० वे घर तीन माणसांच्या ओळीत संपते, ३१ वे चार माणसांच्या ओळीत सुरू होते. मध्यक (३ + ४) ÷ २ = ३.५.

हे उदाहरण मुद्दाम असे घेतले आहे. संचित वारंवारता बरोबर निम्म्यावर आली की घाई करणारे ३ लिहून मोकळे होतात आणि ३१ वे घर बघायचे राहते. दुसरी चूक अशी, की १ ते ७ या पहिल्या स्तंभातला मधला आकडा ४ उचलला जातो आणि कोणत्या ओळीत किती घरे आहेत ते विसरले जाते. तिसरी चूक, वारंवारतांचाच चढता क्रम लावून ८ उत्तर काढणे. या सारणीतले ८ म्हणजे घरे, आणि आपल्याला माणसे हवी आहेत. उत्तराला एकक लिहिण्याची सवय लावली तर ही तिसरी चूक होत नाही.

वर्ग पाडलेले असतील तर

इथे दहावीच्या मुलांचे गुण जातात, आणि अहवाल करणाऱ्यांचेही हात अडखळतात. कोथरूडहून हिंजवडीला कामाला जाणाऱ्या ८० जणांना एका बाजूने लागणारा वेळ मिनिटांत:

| वेळ (मिनिटे) | माणसे | संचित वारंवारता (वरच्या मर्यादेपेक्षा कमी) |
|---|---|---|
| ३०–४५ | ८ | ८ |
| ४५–६० | १७ | २५ |
| ६०–७५ | २५ | ५० |
| ७५–९० | २० | ७० |
| ९०–१०५ | ७ | ७७ |
| १०५–१२० | ३ | ८० |

आता कोणाला नेमकी किती मिनिटे लागली ते हातात नाही, फक्त वर्ग आहे. म्हणून एक गृहीत धरावे लागते, की वर्गाच्या आत माणसे सारख्या अंतराने पसरली आहेत. सगळे सूत्र याच गृहीतावर उभे आहे.

एकूण संख्येचे निम्मे घ्या: ८० ÷ २ = ४०. इथे १ मिळवायचा नाही, कारण वेळ ही सलग राशी आहे आणि आपण ४० वा माणूस शोधत नसून माणसांचे दोन समान भाग करणारी रेघ शोधत आहोत. संचित स्तंभात ४० ला पहिल्यांदा गाठणारा किंवा ओलांडणारा वर्ग ६०–७५ आहे. हा मध्यक वर्ग.

मग:

मध्यक = मध्यक वर्गाची खालची मर्यादा + [(एकूण वारंवारतेचे निम्मे − आधीच्या वर्गाची संचित वारंवारता) ÷ मध्यक वर्गाची वारंवारता] × वर्गांतर

पुस्तकात हेच एल, एन, सीएफ, एफ आणि एच या खुणांनी लिहिलेले असते. आकडे घाला:

६० + [(४० − २५) ÷ २५] × १५ = ६० + ०.६ × १५ = ६० + ९ = ६९ मिनिटे

सूत्र पाठ करण्यापेक्षा ते काय म्हणते ते बघा. ६० मिनिटांच्या आत २५ जण पोचले. ४० पूर्ण व्हायला आणखी १५ हवेत. या वर्गात २५ जण आहेत आणि ते १५ मिनिटांत पसरले आहेत. म्हणजे पंचविसातले पंधरा होईपर्यंत वर्गाचा ०.६ भाग, म्हणजे ९ मिनिटे जातात. हे एकदा पटले की सूत्र विसरलात तरी उत्तर काढता येते.

सर्वांत मोठी चूक: आधीच्या वर्गाची संचित वारंवारता २५ घ्यायची असताना मध्यक वर्गाचीच ५० घेतली जाते. मग ६० + [(४० − ५०) ÷ २५] × १५ = ५४ येते. ५४ हे ६०–७५ च्या बाहेर आहे. मध्यक नेहमी मध्यक वर्गाच्या आतच पडला पाहिजे. बाहेर पडला तर आधी संचित वारंवारताच तपासा.

काही बारकावे आहेत. निम्मी संख्या एखाद्या संचित वारंवारतेइतकीच आली, तर मध्यक त्या वर्गाची वरची मर्यादा. पुढचा वर्ग घेऊन सूत्र वापरले तरी तेच उत्तर येते, तेव्हा कोणता वर्ग घ्यावा यावर वेळ घालवू नका. वर्गांतरे असमान असतील तर सूत्रात फक्त मध्यक वर्गाचे वर्गांतर घाला. आणि शेवटचा वर्ग ‘१०५ पेक्षा जास्त’ असा उघडा असला तरी मध्यकाला अडचण नाही. सरासरी तिथे अडते, कारण त्या तिघांना नेमका किती वेळ धरायचा ते ठरवता येत नाही.

आलेखावर काढायचे असेल तर वर्गांच्या वरच्या मर्यादा आडव्या अक्षावर आणि संचित वारंवारता उभ्या अक्षावर घेऊन बिंदू जोडा. सुरुवात (३०, ०) पासून करा, हा बिंदू बऱ्याचदा राहून जातो. उभ्या अक्षावर ४० पासून आडवी रेघ ओढा, वक्राला मिळेल तिथून खाली लंब टाका. लंब ६९ च्या आसपास पडेल.

वयाचे वर्ग

वर्ग २०–२९, ३०–३९ असे खंडित असले की खालच्या मर्यादेतून ०.५ वजा आणि वरच्या मर्यादेत ०.५ अधिक करून ते सलग करायचे, हा नियम आपण शिकलेलो असतो. उंची जवळच्या पूर्ण सेंटिमीटरपर्यंत मोजलेली असेल तर नियम योग्य आहे. १४० लिहिलेली उंची १३९.५ ते १४०.५ मध्ये कुठेही असू शकते.

वयाला तो लावू नका. आपण वय पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो. २९ वर्षे ११ महिन्यांचा माणूस स्वतःचे वय २९ च सांगतो. म्हणून २०–२९ हा वर्ग खरा २० ते ३० असा आहे आणि ३०–३९ हा ३० ते ४०.

समजा ५० जणांत २०–२९ चे १२, ३०–३९ चे १८, ४०–४९ चे १५ आणि ५०–५९ चे ५ आहेत. निम्मे २५, मध्यक वर्ग ३०–३९, आधीची संचित वारंवारता १२. (२५ − १२) ÷ १८ × १० = ७.२ च्या जवळ. खालची मर्यादा ३० धरली तर मध्यक वय ३७.२, आणि २९.५ धरली तर ३६.७. अर्ध्या वर्षाचा फरक विनाकारण पडतो. परीक्षेत प्रश्न जसा दिला असेल आणि पुस्तकाची रीत जशी असेल तसे लिहा. खऱ्या माहितीवर काम करताना मात्र आकडे कसे नोंदवले होते, हे आधी विचारा.

संगणकावर

एक्सेल आणि गुगल शीट्स दोन्हींत मीडियन नावाचे फंक्शन आहे. कक्षांची रेंज दिली की क्रम आपोआप लागतो. चुका माहिती भरण्यात असतात. रिकामा कक्ष फंक्शन सोडून देते, पण शून्य हा आकडा म्हणून मोजते. माहिती मिळाली नाही म्हणून कोणी ० भरले असेल तर मध्यक खाली ओढला जातो. ‘१८ हजार’ किंवा ‘रु.’ जोडून टाइप केलेला कक्ष मजकूर ठरतो आणि गुपचूप गाळला जातो. म्हणून मध्यकाशेजारी काउंट फंक्शनने आकडे मोजा आणि ती संख्या नोंदींच्या संख्येशी जुळते का ते बघा. नेहमीच्या एक्सेल पिव्होट टेबलच्या (माहितीचा गटवार सारांश देणाऱ्या तक्त्याच्या) यादीत मध्यक नसतो, सरासरी असते. गुगल शीट्सच्या पिव्होटमध्ये तो मिळतो.

पायथॉन या संगणकभाषेच्या नमपाय या लायब्ररीत एक जरी नोंद गहाळ असली तरी साधे मीडियन फंक्शन उत्तर देत नाही, त्यासाठी नॅनमीडियन वापरावे. पांडाज ही दुसरी लायब्ररी गहाळ नोंदी स्वतःहून सोडून देते.

मध्यकाबरोबर चतुर्थक, म्हणजे क्रम लावलेल्या यादीचे चार समान भाग करणारे आकडे, दिले तर वाचणाऱ्याला पसाराही कळतो. पण रीत सांगा. नऊ भाड्यांचा मधला आकडा बाजूला ठेवून दोन्ही अर्ध्यांचे मध्यक काढले तर चतुर्थक १७.५ आणि २२.५ येतात. एक्सेलचे क्वार्टाइल इन्क १८ आणि २२ देते, क्वार्टाइल एक्स्क १७.५ आणि २२.५. दोन्ही रीती रूढ आहेत, गोंधळ न सांगितल्याने होतो.

मध्यकावर काय करू नये

दोन गटांच्या मध्यकांची सरासरी काढू नका. एका तुकडीतल्या तिघांचे गुण १०, १२, ५०, मध्यक १२. दुसरीतल्या पाच जणांचे ११, १३, १४, १५, १६, मध्यक १४. सरासरी १३ येते. मुलांच्या संख्येचा भार देऊन काढली तरी १३.२५. आठ जणांना एका रांगेत लावले तर खरा मध्यक १३.५. नुसते दोन मध्यक हातात असतील तर एकत्रित मध्यक काढता येत नाही. मूळ आकडेच मागवावे लागतात.

मध्यकांची बेरीजही जुळत नाही. तीन घरांची भाडी १६, २०, २४ हजार आणि देखभाल खर्च अनुक्रमे ४, १, २ हजार. मध्यक भाडे २०, मध्यक देखभाल २, मिळून २२. पण घरनिहाय एकूण खर्च २०, २१, २६, आणि त्यांचा मध्यक २१. आधी प्रत्येक घराची बेरीज करा, मग मध्यक काढा. सगळी भाडी दहा टक्क्यांनी वाढली तर मध्यकही बरोबर दहा टक्क्यांनी वाढतो. तेवढी सूट आहे.

आणि आकडे दोन ढिगांत पडलेले असतील तर मध्यकावर विसंबू नका. फर्ग्युसन रस्त्याच्या आसपास कॉट बेसिसवरच्या (खोलीतली एकच खाट भाड्याने देणाऱ्या) जागा आणि पूर्ण फ्लॅट एकाच यादीत आले असे समजा: ६, ६, ७, ७, ८, २४, २५, २६, २८ हजार. मध्यक ८. याच यादीत २४ आणि २७ हजारांचे आणखी दोन फ्लॅट घातले की मध्यक एकदम २४ होतो. टोकाच्या आकड्यांना न डगमगणारा मध्यक मधल्या दरीत मात्र असा उडी मारतो. म्हणून क्रम लावलेली यादी एकदा डोळ्यांखालून घाला. मध्यकाच्या आसपास मोठी पोकळी दिसली तर यादीचे दोन भाग करा आणि प्रत्येकाचा मध्यक वेगळा द्या.